दूरचा वैद्य, जवळचा हात

वैद्यकाच्या हिशेबात अंतर मैलांच्या दगडांवरून मोजता येत नाही. वरसे हे गाव रोहे शहराला लागून आहे. कोकण रेल्वेचा मार्ग जेथून सुरू होतो ते रोहे स्थानक जवळ, धाटावची औद्योगिक वसाहत शेजारी, आणि कोलाडला गेले की मुंबई–गोवा महामार्ग मिळतो, जो २०११ पासून रुंद होत आहे आणि अद्याप होतोच आहे. नकाशा पाहणारास वाटावे की, येथील रहिवाशांना मुंबईच्या वैद्यकविद्येची कधी ददात पडत नसेल. परंतु याच तालुक्यातल्या डोंगरउतारावरील एखाद्या कातकरी वाडीतील स्त्रीला, जिचे कुटुंब पावसाळा सरताच वीटभट्टीच्या वाटेला लागणार आहे, अंगावरच्या चट्ट्यासाठी किंवा मुलाला येणाऱ्या आकडीसाठी तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल, तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय अथवा परळची मोठी इस्पितळे गाठण्याकरिता स्वतःची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, एस.टी.चे भाडे, केसपेपरच्या रांगेतली सबंध सकाळ आणि ‘ते डॉक्टर गुरुवारी बसतात’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून परतण्याची तयारी, एवढे सारे पदरी बांधून तिला निघावे लागते. आणि ज्या दुखण्याने माणूस आजच्या आज मरत नाही ते दुखणे अशा हिशेबात हटकून पुढल्या महिन्यावर ढकलले जाते. दूरवैद्यकाचा खरा विषय हे ढकललेले दुखणे होय. अपघाताला, अडलेल्या बाळंतपणाला वाहन लागते, रक्त लागते, शस्त्रक्रियागृह लागते. तेथे पडद्यावरचा चेहरा पुरेसा आहे असे जो सांगेल तो माल खपवावयास आला आहे असे खुशाल समजावे.

प्रस्तुत संग्रहातील लेखक रोहे आणि पेण या दोन तालुक्यांत राहणारे वा काम करणारे आहेत. त्यांत वैद्यकीय अधिकारी आहेत, उपकेंद्रावरच्या सिस्टर आहेत, आशाताई आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, आणि ज्यांच्यावर दूरवैद्यकाचा प्रयोग झाला ते रोगीही आहेत. या सर्वांचे लेखन वाचताना माझ्या मनात एक मत हळूहळू पक्के होत गेले, आणि ते आरंभीच सांगून टाकलेले बरे. तारेच्या एका टोकाला निष्णात तज्ज्ञ बसलेला असतो, दुसऱ्या टोकाला रोगी. शासनाची, वृत्तपत्रांची आणि यंत्रे विकणारांची दृष्टी स्वाभाविकच पहिल्या टोकाकडे जाते. परंतु या वैद्यकाचे यशापयश ठरते ते दुसऱ्या टोकाला, रोग्याच्या शेजारी कोणाचा हात आहे आणि त्या हाताला काय करता येते यावर. या शास्त्राचा इतिहास नव्या वाचकासाठी पुढे थोडक्यात सांगितला आहे तो याच दृष्टीने, आणि दुसऱ्या दृष्टीने तो सांगणारे पुष्कळ आहेत.

रोगी न पाहता सल्ला देण्याचा प्रघात आपल्याकडे विजेच्या यंत्रांहून जुना आहे. टपालखात्याने व्ही.पी.ची सोय केल्यावर ‘रोगाचा तपशील लिहून पाठवावा, औषध टपालाने येईल’ अशा जाहिरातींनी मराठी मासिकांची पाने भरू लागली, आणि त्यांतल्या पुष्कळशा विस्मृतीतच राहिलेल्या बऱ्या. पण या पत्रोपचाराची एक गंभीर शाखाही आपल्या भाषेत होऊन गेली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना उघडपणे उत्तरे दिली जात. कर्वे हे वैद्य नव्हेत, गणिताचे प्राध्यापक. आणि त्या प्रश्नोत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, हा मराठी सुधारणेच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आहे. मला येथे त्याचे प्रयोजन निराळे आहे. ज्यांनी ती पत्रे लिहिली त्यांना आपल्या गावातल्या डॉक्टरपुढे बसून तोच प्रश्न तोंडाने विचारता आला नसता. अंतर ही नेहमीच अडचण असते असे नाही. काही दुखण्यांना अंतराचा आडोसा लागतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आणि १४४१६ हा क्रमांक दिला, तेव्हा त्या योजनेच्या मुळाशी हीच मानवी गरज होती. लहान गावात मनोविकारतज्ज्ञाच्या दारात उभा राहिलेला माणूस संध्याकाळपर्यंत सर्व आळीला ठाऊक होतो. अंधारात कानाला लावलेला फोन कोणाला दिसत नाही.

पाश्चात्त्य देशांत या शास्त्राची सुरुवात दूरध्वनीपासून मोजतात. दूरध्वनीचे पेटंट १८७६ चे. त्यानंतर तीनच वर्षांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रात दूरध्वनीवरून मुलाचा खोकला ऐकून निदान केल्याची हकीकत आली. १९०५ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे आइंटहोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील इस्पितळात पडलेल्या रोग्यांच्या हृदयाचे विद्युत्-आलेख दूरध्वनीच्या तारेतून आपल्या प्रयोगशाळेत आणून नोंदविले. याचे कारण मोठे व्यावहारिक होते. त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रोग्याकडे नेणे अशक्य, आणि रोगी यंत्राकडे येण्याच्या अवस्थेत नसे. आज बारा अग्रांचा तोच आलेख काढणारे यंत्र पिशवीत मावते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून तो क्षणात तज्ज्ञाच्या हातात पडतो, तेव्हा आपण आइंटहोव्हेन यांचीच युक्ती उलट्या दिशेने वापरीत असतो.

तथापि ज्या प्रयोगाकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो तो ऑस्ट्रेलियातला आहे. त्या खंडाच्या ओसाड मध्यभागासाठी जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली, आणि लगोलग आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पायटा मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच तयार केला, म्हणून शेकडो मैलांवरच्या एकाकी मळ्यातली बाई डॉक्टरांशी बोलू लागली. परंतु बोलणे झाले तरी औषध कोठून आणावे? तेव्हा प्रत्येक वस्तीवर औषधांची एक पेटी ठेवण्यात आली आणि पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक देण्यात आला; डॉक्टरांनी अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या म्हणावे, आणि औषधाचे लॅटिन नाव ज्याला उच्चारता येत नाही अशा माणसाने त्या बिनचूक द्याव्यात. रेडिओची कीर्ती सर्वत्र झाली. त्या पेटीची व्हावी तेवढी झाली नाही.

त्यानंतरच्या अमेरिकन प्रयोगांवरून झरझर पुढे जावयास हरकत नाही. नेब्रास्का येथील मनोविकारसंस्थेने १९५९ पासून दुतर्फा दूरचित्रवाणी वापरली. १९६८ मध्ये बोस्टनच्या विमानतळावरील दवाखाना शहरातील मोठ्या इस्पितळाशी जोडला गेला. १९७०च्या दशकात ‘नासा’ने ॲरिझोनातील आदिवासी वस्त्यांवर फिरता दवाखाना पाठवून त्याला सूक्ष्मलहरींनी तज्ज्ञांशी जोडले. यांपैकी पुष्कळ प्रयोग अनुदान संपताच संपले. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्क येथे बसलेल्या शल्यविशारदाने यंत्रमानवाच्या हातांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील रुग्णेचे पित्ताशय काढले, त्याचा जगभर गाजावाजा झाला; पण स्ट्रासबुर्गच्या त्या शस्त्रक्रियागृहात शल्यविशारदांचे एक पथक सज्ज उभे होते हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चमत्कारापासून वाडीवरच्या रोग्याने किती आशा धरावी याचा अंदाज येतो.

भारतात या विषयाचा प्रारंभ २००० सालापासून धरतात. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या आरगोंडा या खेड्याचे अपोलो रुग्णालय उपग्रहाद्वारे शहराशी जोडले गेले, आणि त्या सेवेचे उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केले. पुढे ‘इस्रो’ने उपग्रहाचे दळणवळण रुग्णालयांना उपलब्ध करून दिले, आणि महाराष्ट्रातील काही जिल्हा रुग्णालये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी जोडली गेली. त्या काळातले मराठी मुलखातले सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र मला बार्शीचे वाटते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून गाठीच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकातून टिपलेली छायाचित्रे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे पाठवावयाची आणि तेथील विकृतितज्ज्ञांनी ती पाहून मत द्यावयाचे, असा तो उपक्रम. त्याचा अनुभव २००४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. येथे कोणी कोणाशी पडद्यावर बोलत नव्हते. चित्र साठवावे, पाठवावे, सवडीने पाहावे, उत्तर धाडावे, अशी ही टपालासारखी रीत. क्ष-किरणचित्रे, डोळ्याच्या पडद्याची चित्रे, त्वचेचे विकार, हृदयाचा आलेख या सर्वांना ती उत्तम लागू पडते आणि तिला क्षणोक्षणी अखंड रेंज लागत नाही, हा कोकणच्या दृष्टीने तिचा मोठाच गुण. परंतु बार्शीला गाठीतला नेमका तुकडा निवडणारा, काप नीट रंगवणारा आणि छायाचित्रासाठी योग्य जागा शोधणारा जाणकार माणूस नसता, तर परळच्या तज्ज्ञाला धूसर जांभळे डाग पाहण्यापलीकडे काही करता आले नसते.

कायद्याची बाजू दीर्घकाळ संदिग्ध होती. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात, तज्ज्ञ जागेवर नसताना दूरध्वनीवरून उपचार सांगितले गेले आणि रुग्णेचा मृत्यू झाला अशा आरोपावरून मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवर दोन गोळ्यांची नावे सांगावयासही राज्यभरचे डॉक्टर कचरू लागले. ही भीती अस्थानी होती असे मी म्हणणार नाही; शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला फोनच्या भरवशावर टाकणे आणि जुन्या मधुमेह्याला त्याचीच गोळी चालू ठेवावयास सांगणे यांतला भेद लिहून ठेवणारा नियमच तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे कोविडच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने आला. नोंदणीकृत डॉक्टरास दूरस्थ सल्ल्याची मुभा मिळाली. औषधांच्या याद्या ठरल्या. कोणते औषध पहिल्याच सल्ल्यात, पण व्हिडिओवर रोगी पाहूनच, देता येईल आणि कोणते केवळ पूर्वीच्या रोग्याला, हे ठरले. अमली व मनःप्रभावी द्रव्ये वर्ज्य झाली. नोंदी ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरावर आली. आणि ‘मला हा रोगी समक्ष पाहिल्यावाचून सांगता येणार नाही’ असे म्हणण्याचा डॉक्टरांचा हक्क मान्य झाला. माझ्या मते या हुकुमातले सर्वांत मौल्यवान कलम हे शेवटचे आहे.

त्याच सुमारास ‘ई-संजीवनी’चा पसारा वाढला. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने घडविलेली ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांना मोठ्या रुग्णालयांशी जोडण्यासाठी सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये तिची घरबसल्या बाह्यरुग्ण शाखा निघाली, आणि २०२३ च्या आरंभी तिच्यावरील सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या पलीकडे गेली. आकडा प्रचंड आहे. परंतु दहा कोटींपैकी किती जणांना सांगितलेले औषध त्याच दिवशी मिळाले, किती जणांना पुढे धाडले आणि त्यांतले किती खरोखर गेले, हे प्रश्न त्या आकड्याच्या पोटात शिरत नाहीत, आणि या संग्रहातील लेखकांना आस्था आहे ती याच प्रश्नांची.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन विचारप्रवाह दिसतात. पहिला मोठ्या रुग्णालयाला केंद्र मानतो: ज्ञान तेथे साठलेले आहे, त्याचे पाट खेड्यापर्यंत काढावेत. दुसरा रोग्याच्या खिशातल्या मोबाइललाच दवाखाना मानतो. खाजगी कंपन्यांचा कल इकडे, आणि शहरातल्या नोकरदाराला ही सोय खरोखरच मानवते, पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घरधन्याबरोबर धाटावच्या कारखान्यात जातो, त्या घरातल्या बाईला तिचा लाभ कसा व्हावा? तिसरा प्रवाह रोग्याजवळच्या आरोग्यसेवकाला केंद्र मानतो; दूरचा तज्ज्ञ हा त्या सेवकाचा सल्लागार. माझा पक्षपात तिसऱ्याकडे आहे हे वाचकाने ओळखलेच असेल, आणि तो मी लपवू इच्छीत नाही, कारण या विचाराची दोन थोर उदाहरणे आमच्याच रायगड जिल्ह्यात घडलेली आहेत.

त्यांतले पहिले मांडव्याचे. जे. जे. रुग्णालयाशी संबंधित असलेले नामांकित प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७०च्या दशकात, रायगड जिल्हा अद्याप कुलाबा जिल्हा म्हणून दप्तरी होता तेव्हा, अलिबाग तालुक्यातील मांडवे परिसरात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून त्यांच्या हाती प्राथमिक आरोग्याचे काम सोपविले. नेहमीच्या आजारांचा मोठा भाग या स्त्रिया समर्थपणे हाताळू शकतात हे त्यातून दिसले. आणि त्या समर्थ झाल्या म्हणूनच गावातल्या सत्तेशी त्या उपक्रमाचा खटका उडाला. दूरवैद्यकाच्या योजना आखणारांनी हा दुसरा भागही वाचावा. उपकेंद्रावरची सिस्टर पडद्यावरच्या तज्ज्ञाशी थेट बोलू लागली की गावातल्या काही माणसांचे महत्त्व कमी होते, आणि ती माणसे स्वस्थ बसत नाहीत.

दुसरे उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्ररात्र बसून घाम, थंड पडणारे हातपाय, वाढणारा रक्तदाब, शेवटी फुफ्फुसात साचणारे पाणी, असा क्रम टिपला, आणि १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी या विषावर गुणकारी असल्याचे त्यांनी दाखवून दिले, आणि जेथे अशा गंभीर रोग्यांतले ४० टक्क्यांच्या आसपास दगावत तेथे ते प्रमाण १ टक्क्यावर आले. हे ज्ञान परळहून बिरवाडीला गेलेले नाही. ते बिरवाडीहून टपालाने लंडनला गेले आणि तेथून जगाला कळले. ज्या यंत्रणेत खेड्याकडून फक्त तक्रार वर जाते आणि शहराकडून फक्त उत्तर खाली येते, त्या यंत्रणेत असा बावस्कर एखाद्या चौकटीत ‘इतर लक्षणे’ या सदराखाली बुडून गेला असता.

फुरसे हा विषारी साप चावल्याच्या प्रसंगी दूरस्थ सल्ल्याचे खरे मोल आणि खरी मर्यादा दोन्ही दिसतात. फोनवर बोलत बसणे हा गुन्हा ठरावा, रोग्याला लगेच केंद्रावर आणलेच पाहिजे. पण केंद्रावर आल्यानंतर कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवावे, गोठले नाही तर विष रक्तात भिनले असे समजावे, ही चाचणी कोणत्याही केंद्राला करता येते, आणि तिच्या निकालावरून प्रतिविष केव्हा सुरू करावे व पुन्हा केव्हा द्यावे याबाबत अनुभवी माणूस दूर राहून तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला धीर देऊ शकतो. त्यासाठी नळी पाहिजे, प्रतिविष कपाटात पाहिजे, आणि अधिकारी जागेवर पाहिजे.

काही गोष्टी कोणत्याच तारेतून जात नाहीत. पोटावर हात ठेवला असता स्नायू ताठ होतो की नाही हे हातालाच कळते. पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसत नाही. आणि सासू शेजारी बसलेली असताना सुनेने व्हिडिओवर दिलेल्या ‘होय’ला काय अर्थ असतो हे सासूला ओळखणारी आशाताईच जाणते. शिवाय तार स्वतःच तुटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि जिल्ह्याचे कितीतरी भाग दिवसेंदिवस अंधारात राहिले. साथीमुळे सर्व देश दूरस्थ उपचाराची महती गात असताना येथे शेजारच्या गावाची खबर लागत नव्हती. त्या दिवसांत गोळ्या घरोघर पोचल्या त्या आशाताईंच्या पायांनी.

या संग्रहात अशा विषयांवर अनुभवांतून आलेले लेखन आहे. यंत्रांची माहितीपुस्तिका होण्याचा त्याचा हेतू नाही, शासकीय अहवालाला पर्याय होण्याचाही नाही. रोग्यांची नावे आणि वाड्यांच्या खुणा बदललेल्या आहेत, कारण छोट्या वाडीत आजाराच्या नावावरून माणूस ओळखू येतो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असला तरी त्याचा अंमल उपकेंद्राच्या वहीपर्यंत पोचावयास अवकाश आहे. बोली जशीच्या तशी ठेवली आहे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखांतील इंग्रजी संज्ञा त्यांच्या संमतीने कमी केल्या आहेत, क्वचित संमती उशिरा मिळाली.

एका मुद्द्यावर लेखकांचे एकमत झाले नाही. दूरच्या डॉक्टराने सांगितलेले औषध उपकेंद्रावरच्या सिस्टरने दिले आणि ते बाधले, तर जबाब कोणी द्यावा? नियमाप्रमाणे जबाबदारी सल्ला देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरावर आहे, आणि एका डॉक्टर लेखकाने तीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली आहे. एका सिस्टरने त्याला उत्तर लिहिले आहे: नातेवाईक जाब विचारावयास येतात ते उपकेंद्राच्या दारात, त्यांना पडद्यावरच्या माणसाचे नाव आणि गाव ठाऊक नसते. दोघांनाही एकमेकांचे लेख वाचावयास दिले होते आणि दोघांनीही एक ओळ बदलली नाही. म्हणून ते लेख शेजारीशेजारी छापले आहेत.